तालुक्याच्या केंद्रात स्त्रीबीज गोठवताना: यंत्राला काय द्यायचं आणि काय नाही

पुसद, वणी, हिंगणघाट किंवा गोंदियासारख्या गावातल्या आयव्हीएफ केंद्रात पहिल्यांदाच प्रयोगशाळेत रुजू होणाऱ्यांसाठी हा लेख आहे. बीज हाती आल्यापासून ते द्रव नायट्रोजनच्या टाकीत वर्षानुवर्षं सुखरूप राहीपर्यंत कोणती कामं असतात आणि त्यातली कोणती यंत्रावर सोपवता येतात, एवढाच विषय. औषधं, मात्रा, सोनोग्राफी हे डॉक्टरांचं क्षेत्र; ते इथे नाही.

मत आधीच सांगून टाकतो. पैसे मोजके असतील तर पहिलं यंत्र टाकीवर बसवा, दुसरं नावपट्टीसाठी घ्या, आणि गोठवणारं यंत्र सगळ्यात शेवटी. बहुतेक केंद्रं नेमकं उलट करतात, कारण गोठवणारं यंत्र पाहुण्यांना दाखवता येतं. बीज गोठवायला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि त्या वेळात शिकलेलं माणूस समोर बसलेलं असतं. पुढची पाच-सात वर्षं ते बीज टाकीत असतं. मे महिन्याच्या दुपारी, लोडशेडिंगमध्ये, पोळ्याच्या सुट्टीत तिथे कोणीही बसलेलं नसतं.

बीज हाती येतं तेव्हा

बीज काढण्याची वेळ ट्रिगरच्या, म्हणजे बीज पक्व करणाऱ्या शेवटच्या इंजेक्शनवरून ठरते: साधारण ३४ ते ३६ तासांनी. बाई मेळघाटातून किंवा एटापल्लीकडून येणार असेल तर इंजेक्शन बहुधा गावातच, सिस्टरच्या हातून होतं. ते प्रत्यक्ष किती वाजता दिलं हे फोन करून विचारा आणि लिहून ठेवा. नऊऐवजी अकराला दिलं असेल तर बीज काढणंही दोन तास पुढे न्यावं लागतं. ही गोष्ट डॉक्टरांपर्यंत पोचली नाही तर हाती येणारी बरीच बीजं अपक्व निघू शकतात, आणि मग खापर प्रयोगशाळेवर फुटतं.

काढलेली बीजं दोनेक तास इन्क्युबेटरमध्ये ठेवतात. मग हायलुरोनिडेज (८० युनिट प्रति मि.ली.) मध्ये जास्तीत जास्त अर्धा मिनिट फिरवून भोवतालच्या पेशी सैल करायच्या आणि बारीक पिपेटमधून वरखाली करून काढून टाकायच्या. आधी १७० मायक्रॉनचं टोक, नंतर १४० चं. थेट १४० वर गेलात तर बीज दाबलं जातं, कारण ते स्वतःच १२० मायक्रॉनच्या आसपास असतं. मोकळं झालेलं बीज फिरवून बघा: बाजूला छोटा गोळा, म्हणजे ध्रुवीय पिंड, दिसला की ते पक्व. गोठवायचं ते हेच. फोटोवरून बीजाचा अंदाज देणारी सॉफ्टवेअर आता आहेत, उदाहरणार्थ टोरांटोच्या फ्यूचर फर्टिलिटीचं 'व्हायोलेट'. त्यातून डॉक्टरांना रुग्णाशी बोलायला एक टक्केवारी मिळते. ध्रुवीय पिंड मात्र तुमच्याच डोळ्यांनी शोधायचा.

आधी हाताने गोठवायला शिका

बीज ही शरीरातली सर्वांत मोठी पेशी, आणि आत पाणीच पाणी. सावकाश गार केलं की त्या पाण्याचं बर्फ होतं आणि स्फटिक आतली रचना फाडतात. गोठवलेल्या बीजापासून पहिला जन्म १९८६ मध्ये ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला ख्रिस्तोफर चेन यांच्या उपचारातून झाला, तो या सावकाश पद्धतीनेच. पण यश इतकं बेभरवशाचं होतं की पुढची वीस वर्षं ही पद्धत फारशी रुजली नाही. २००५ च्या सुमारास जपानच्या मासाशिगे कुवायामा यांनी अगदी कणभर द्रवात बीज ठेवून झटक्यात गोठवण्याची पद्धत मांडली. त्यात बर्फ बनायला वेळच मिळत नाही, द्रव काचेसारखा घट्ट होतो. हेच व्हिट्रिफिकेशन. २०१२ मध्ये अमेरिकेच्या प्रजनन-वैद्यक संस्थेने बीज गोठवण्यावरचा 'प्रायोगिक' हा शिक्का काढला.

गोठवण्याच्या द्रावणांचा संच कोणत्या कंपनीचा आहे त्यावर मिनिटं थोडी बदलतात. सर्वसाधारण क्रम असा.

द्रावणं फ्रिजमधून (२ ते ८ अंश) काढून किमान अर्धा तास बाहेर ठेवा; २५ ते २७ अंशांवर आली पाहिजेत. पहिल्या द्रावणात बर्फ रोखणारी दोन रसायनं असतात: साडेसात टक्के इथिलीन ग्लायकॉल आणि साडेसात टक्के डीएमएसओ. त्यात बीज आधी आक्रसतं, मग हळूहळू पूर्वीच्या आकाराला येतं. याला १२ ते १५ मिनिटं लागतात. घड्याळ बघाच, पण बीजाकडेही बघा: आकार भरून आला नसेल तर थांबा. दुसऱ्या द्रावणात दोन्ही रसायनं १५-१५ टक्के आणि ०.५ मोलर सुक्रोज. इथे वेळ अगदी कमी, भरण्यासकट ६० ते ९० सेकंद. बीज वर तरंगतं, डिशमध्ये शोधावं लागतं, आणि नवख्या माणसाचा निम्मा वेळ त्या शोधातच जातो. त्याच द्रावणाच्या दोन-तीन थेंबांतून धुवून ते प्लास्टिकच्या बारीक पट्टीच्या टोकावर ठेवायचं, भोवतालचं द्रावण ओढून घ्यायचं; उरलेला द्रव ०.१ मायक्रोलिटरपेक्षा कमी हवा. पट्टी सरळ द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांत. टोपण नायट्रोजनच्या आतच लावायचं.

चुका ठरावीक असतात. पट्टीवर थेंब मोठा राहिला की गार होण्याचा वेग पडतो आणि बर्फ बनतं. दुसऱ्या द्रावणात दोन मिनिटं गेली तर डीएमएसओ विषासारखं वागू लागतं. तिसरी चूक आपल्याकडची खास. बाहेर ४५ अंश असताना एसी दमतो, खोली ३१-३२ वर जाते, आणि त्या तापमानाला रसायनं पेशीत झपाट्याने शिरतात. संचावर छापलेली मिनिटं मग खरी राहत नाहीत. थर्मामीटर भिंतीवर लावू नका, डिशशेजारी टेबलावर ठेवा. २८ च्या वर दिसलं तर आधी खोली गार करा. टेबल एसीच्या झोताखाली असेल तर छोटे थेंब पाच-सात मिनिटांत सुकून दाट होतात. म्हणून थेंब आयत्या वेळी टाका आणि डिश झाकून ठेवा. आणि कूलर या खोलीत कधीच नको, एसी बंद पडला तरी नको. त्याच्या ओलाव्याने टाकीच्या तोंडावर बर्फ साचतं आणि भिंतींना बुरशी धरते.

वितळवताना एक मोलर सुक्रोजचं द्रावण ३७ अंशांवर तयार ठेवून पट्टी एका झटक्यात त्यात बुडवायची, एक मिनिट. मग ०.५ मोलरमध्ये तीन मिनिटं, मग धुणं. उंदरांच्या बीजांवरच्या प्रयोगांतून दिसलं आहे की गार होण्याच्या वेगापेक्षा ऊब मिळण्याचा वेग जास्त निर्णायक असतो. त्यामुळे द्रावण ३७ ऐवजी ३३ वर असेल आणि पट्टी बाहेर काढून दोन सेकंद रेंगाळलात, तर गोठवताना घेतलेली सगळी मेहनत वाया.

गोठवणारं यंत्र काय करतं

या यंत्रांपैकी सर्वांत माहीत असलेलं 'गावी', ऑस्ट्रेलियाच्या जेनियाने बनवलेलं. बीज किंवा गर्भ एका छोट्या कुपीत ठेवला की यंत्र ठरलेल्या तापमानाला द्रावणं आत सोडतं, काढून घेतं, आणि शेवटी कुपी उष्णतेने सीलबंद करतं. पक्व बीज निवडणं, ते कुपीत ठेवणं, नाव लावणं, कुपी नायट्रोजनमध्ये बुडवणं आणि टाकीत ठेवणं ही कामं माणसाचीच राहतात. म्हणून त्याला अर्धस्वयंचलित म्हणतात. स्पेनच्या ओव्हर्चर लाइफसारख्या कंपन्या सूक्ष्म नळ्यांमधून द्रावणाची तीव्रता पायऱ्यांऐवजी उतारासारखी वाढवत नेतात, म्हणजे बीज एकदम आक्रसत नाही.

फायदा खरा आहे: सोमवारी सीमाताईंनी गोठवलेलं आणि शुक्रवारी नव्या मुलीने गोठवलेलं यात फरक कमी होतो. पण महिन्याला चार-पाच केसेस असलेल्या केंद्रात तो फरक प्रशिक्षणाने जास्त स्वस्तात कमी होतो. यंत्राच्या कुप्या आणि काडतुसं एकदाच वापरायची असतात, त्यांची मुदत संपते, आणि दुरुस्तीचा माणूस नागपूरहून नव्हे, बहुतेक वेळा मुंबई-पुण्याहून येतो. यंत्र घेतलंत तरी हाताची पद्धत विसरू नका. बीज पहिल्या द्रावणात असताना वीज गेली तर पुढचं काम हातानेच उरकावं लागेल. ते यंत्र यूपीएसवर असलंच पाहिजे, आणि यूपीएस पूर्ण एक फेरी पेलतो का हे रिकाम्या कुपीवर आधी तपासा.

टाकीची राखण

नव्या लोकांना वाटतं की टाकीला वीज लागते. लागत नाही. दोन भिंतींमध्ये निर्वात पोकळी असलेलं ते एक भांडं आहे, आणि नायट्रोजन सावकाश उडत राहतो. पशुवैद्यकीय दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या कांड्या ठेवतात तेच हे भांडं. इंडियन ऑइलच्या नाशिकच्या कारखान्यातले क्रायोकॅन गावोगावच्या पशुवैद्यकांकडे दिसतात. पण त्या अनुभवावर विसंबू नका. रेतनाच्या मिनी कांडीत ०.२५ मि.ली. द्रव असतो, बीजाच्या पट्टीवर त्याच्या अडीच हजारावा भाग. कांडी टाकीच्या गळ्यात पाच-सात सेकंद निभावते. उघडी बीजपट्टी नायट्रोजनबाहेर आली की क्षणांत धोक्याच्या तापमानाला पोचते. कॅनिस्टर, म्हणजे टाकीत पट्ट्या ठेवण्याचा डबा, गळ्याच्या बर्फरेषेच्या वर आणायचाच नाही. पट्टी शोधायची ती नायट्रोजन भरलेल्या थर्माकोलच्या पेटीत, द्रवाखाली.

चांगली ३५ लिटरची टाकी न उघडता दिवसाला पाव ते अर्धा लिटर गमावते. पोकळी खराब झाली तर तीच टाकी एका दिवसाच्या आत कोरडी पडू शकते. राखण करायची ती यासाठी. साधने दोन लागतात, आणि दोन्ही हवीत.

पहिलं, टाकीखाली इलेक्ट्रॉनिक काटा. एक लिटर नायट्रोजन सुमारे ८०० ग्रॅम भरतो, म्हणजे ३५ लिटर म्हणजे २८ किलो. रोजची घट दोनशे ते चारशे ग्रॅम असावी. टाकी न उघडताही चोवीस तासांत एक किलोपेक्षा जास्त घट दिसली की पोकळीवर संशय घ्या, बाहेर दव किंवा बर्फ दिसण्याची वाट बघू नका. काट्याची खरी किंमत हीच: तापमान चढण्याच्या कित्येक तास आधी तो सांगतो. क्षमता ६० किलो आणि अचूकता २० ग्रॅमची पुरते. कॅनिस्टर काढला-ठेवला की आकडा हलतो, म्हणून टाकी उघडल्याची नोंद करणारं बटण किंवा झाकणाचा सेन्सर त्याच्या जोडीला लावा.

दुसरं, तापमानाचा सेन्सर. इथे हौशी लोक बाजारातला स्वस्त डीएस१८बी२० लावतात. तो उणे ५५ च्या खाली मोजतच नाही. पीटी-१०० किंवा टी प्रकारचा थर्मोकपल घ्या. टोक टाकीच्या तळाशी सोडू नका: तळाला शेवटचे दोन इंच द्रव असेपर्यंत तो उणे १९६ दाखवत राहील आणि वरची बीजं केव्हाच उघडी पडलेली असतील. टोक सर्वांत वरच्या पट्टीच्या उंचीला हवं. पहिला इशारा उणे १८० ला, दुसरा उणे १६० ला ठेवा. उणे १३० च्या आसपास काचेसारखी अवस्था मोडू लागते, म्हणून तिथपर्यंत वाट बघण्यात अर्थ नाही.

इशारा पोचण्याचा मार्ग हा सगळ्यात कच्चा दुवा. वायफायवर चालणारं यंत्र लोडशेडिंगमध्ये राउटरबरोबर मरतं. सिमकार्डवर फोन आणि एसएमएस करणारं यंत्र घ्या, त्याला बारा व्होल्टची बॅटरी जोडा, आणि पूर्वमोसमी वादळांच्या दिवसांत अडॅप्टर जळतात म्हणून एक जादा ठेवा. सिम प्रीपेड असेल तर वैधता संपण्याची तारीख भिंतीवर लिहा. रिचार्ज संपलेलं यंत्र दिवा हिरवाच दाखवतं आणि फोन मात्र लावत नाही. फोन तिघांना जावा, त्यातला एक त्याच गावात राहणारा असावा. दर सोमवारी सेन्सर हवेत उचलून धरा आणि तिघांचेही फोन वाजले का ते रजिस्टरात लिहा.

हे कंटाळवाणं वाटेल तेव्हा ४ मार्च २०१८ आठवा. अमेरिकेत क्लीव्हलँडच्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटल्सच्या केंद्रात एका टाकीचं तापमान चढून चार हजारांहून जास्त बीजं आणि गर्भ गेले. नायट्रोजन आपोआप भरणारी यंत्रणा आधीपासून बिघडलेली होती, भरणं हाताने चाललं होतं, आणि बाहेर इशारा पाठवणारी यंत्रणा बंद होती. त्याच दिवशी सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका केंद्रातही टाकी गेली. तिथे पातळीवर लक्ष ठेवणारा नियंत्रक बिघडल्याने आधीच काढून ठेवला होता. दोन्ही ठिकाणी यंत्र होतंच.

खोलीतली हवा

एक लिटर द्रव नायट्रोजनचे जवळपास ७०० लिटर वायू होतात. दहा बाय दहा फुटांच्या, दहा फूट उंचीच्या खोलीत सुमारे २८ घनमीटर हवा असते; ३५ लिटरची टाकी आडवी झाली तर २४ घनमीटर नायट्रोजन बाहेर पडतो. वास नाही, रंग नाही, गुदमरल्याची जाणीवही होत नाही; माणूस सरळ खाली पडतं. उन्हाळ्यात आपण दारं-खिडक्या लावून स्प्लिट एसी लावतो, आणि तो बाहेरची हवा आत आणत नाही, आतलीच फिरवतो. म्हणून जमिनीलगत एक्झॉस्ट पंखा आणि छातीच्या उंचीला ऑक्सिजन सेन्सर हवाच. इशारा १९.५ टक्क्यांना. सेन्सरचा सेल साधारण दोन वर्षांत संपतो, बदलण्याची तारीख त्यावरच लिहा. आकडा खोलीच्या बाहेरून वाचता आला पाहिजे. भरलेला कॅन लिफ्टमधून माणसासोबत पाठवू नका, आणि बोलेरोत आणताना काचा उघड्या ठेवा, मे असला तरी.

नावपट्टी

साधा स्टिकर नायट्रोजनमध्ये कडक होऊन गळून पडतो. गोठवणासाठीच्या नावपट्ट्या आणि थर्मल ट्रान्स्फर प्रिंटर घ्या, आणि नावपट्टी साध्या तापमानाला, कोरड्या पृष्ठभागावर चिकटवा. तिच्यावर नोंदणी क्रमांक, नाव, जन्मतारीख, गोठवल्याची तारीख, बीजपट्टीचा क्रमांक आणि बीजांची संख्या हवी. एका बीजपट्टीवर दोन-तीनपेक्षा जास्त बीजं नकोत.

नावावर ओळख ठेवू नका. लग्नानंतर आडनाव बदलतं, काही घरांत पहिलं नावही. आधारवर माहेरचं, रेशनकार्डावर सासरचं असतं. कर्करोगाच्या उपचाराआधी बीजं ठेवून गेलेली मुलगी सहा वर्षांनी वेगळ्याच नावाने परत येईल. क्रमांक आणि जन्मतारीख जुळली तरच टाकी उघडायची. बारकोड स्कॅनर किंवा आरएफआयडीची (रेडिओ-चिपवरून ओळखणारी) साक्ष-यंत्रणा इथे मोठं काम करते: चुकीची डिश टेबलावर आली की ती अडवते. ती नसेल तर दर पायरीला दुसऱ्या माणसाने मोठ्याने वाचून सही करायची, मग दुसरं माणूस म्हणजे रात्रपाळीच्या सिस्टर का असेनात.

त्याच संगणकात तारखांची आठवण लावून द्या. २०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार दात्याचं बीज किंवा गर्भ १० वर्षांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, आणि बीजदात्रीकडून सातपेक्षा जास्त बीजं काढता येत नाहीत.

नायट्रोजनचा हिशेब

दोन वापरातल्या टाक्या आणि एक राखीव धरली तर रोजची घट सव्वा लिटरच्या आसपास, आठवड्याला नऊ. गोठवणाचे दोन दिवस असतील तर पेटीत ओतायला प्रत्येकी तीन लिटर, आणि ओतताना उडून जाणारे तीन-चार. म्हणजे आठवड्याला वीस लिटर. साठा नेहमी दोन आठवड्यांचा ठेवा. पोळा, दिवाळीत पुरवठादार बंद असतो; पावसाळ्यात वैनगंगा-वर्ध्याला पूर आला की नागपूरची गाडी अडकते. राखीव टाकी नायट्रोजनने भरलेलीच हवी, रिकामी उभी असलेली टाकी राखीव नव्हे: कोरडी टाकी गार व्हायला तास लागतात आणि तेवढा वेळ त्या रात्री नसतो.

रात्री फोन वाजला तर

एकट्याने खोलीत जाऊ नका. बाहेरूनच ऑक्सिजनचा आकडा बघा, पंखा लावा, दार उघडा. मग भरीव काळी मोजपट्टी टाकीत दहा सेकंद धरून बाहेर हलवा. बर्फ जिथपर्यंत चढलं तिथपर्यंत द्रव. पोकळ नळी वापरली तर तिच्यातून नायट्रोजन तोंडावर उडतो. चेहऱ्यावर ढाल, हातात सैल क्रायो हातमोजे, पायात बंद बूट, पँट बुटावरून.

पातळी ठीक असेल तर सेन्सर किंवा वायर गेली आहे. रात्रीपुरती दर दोन तासांनी मोजपट्टीने मोजा. पातळी उतरली आहे पण टाकी बाहेरून कोरडी आहे, तर भरणं चुकलं असेल. सावकाश भरा आणि दोन तासांनी वजन पुन्हा बघा. टाकीच्या अंगावर दव किंवा बर्फ दिसलं तर पोकळी गेली. त्या टाकीत ओतत बसू नका. पेटी नायट्रोजनने भरा, एकेक कॅनिस्टर द्रवाखाली ठेवूनच राखीव टाकीत हलवा, आणि दुसरं माणूस नवी जागा लिहीत जाऊ द्या.

तापून पुन्हा गोठलेलं बीज आणि चांगलं बीज टाकीत हुबेहूब सारखंच दिसतं; फरक कळतो तो कित्येक वर्षांनी, वितळवल्यावर. म्हणून सेन्सरचा त्या रात्रीचा आलेख, वजनाच्या नोंदी आणि हजर असलेल्यांची नावं प्रत्येक संबंधित रुग्णाच्या फाइलला सकाळीच जोडा, आणि कोणती पट्टी किती वेळ उणे १५० च्या वर होती हे डॉक्टरांना लेखी द्या. रुग्णाला काय सांगायचं ते त्यावरूनच ठरेल.